बॉयलर पेटत नाही? आधी काचेतलं पाणी बघा

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या उन्हाळ्यात जुनं घर घेतलं, १९२० च्या दशकातलं, प्रत्येक खोलीत ते जड लोखंडी रेडिएटर आणि बेसमेंटमध्ये गॅसवरचा स्टीम बॉयलर, म्हणजे पाण्याची वाफ करून ती रेडिएटरमध्ये पाठवणारा. परवापर्यंत छान चालू होता, काल पहाटे उठले तर घर गारठलेलं. थर्मोस्टॅट ७० फॅरनहाइटवर आहे, हीटची खूण दिसतेय, पण खाली बॉयलर एकदम गप्प, टिकटिक नाही की गुरगुर नाही. त्याच्या अंगाला एक उभी काचेची नळी आहे, ती आतून इतकी तांबूस झालीय की पाणी आहे की नाही तेच कळत नाही. एक मेकॅनिक आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला बॉयलरच बदला. सासूबाई पुण्याहून आल्यात, त्यांना थंडी सोसत नाही. खरंच बदलावा लागेल का? आणि मी स्वतः काय बघू शकते?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ताई, पाच मिनिटांत बॉयलर बदला म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका. काल परवापर्यंत चालणारा बॉयलर असा गप्प बसतो तेव्हा बहुतेक वेळा तो मेलेला नसतो, त्याच्यावर जी चार-पाच सुरक्षेची साधनं बसवलेली असतात त्यातलं कुणीतरी एक 'नको' म्हणतंय. कोण म्हणतंय आणि का, एवढंच शोधायचं असतं.

पण त्याआधी एक गोष्ट. खाली गेल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, लाइटचंसुद्धा नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच ९११ ला किंवा गॅस कंपनीला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरी हेच, त्या वायूला तर वासही नसतो, त्यामुळे असा अलार्म घरात नसेल तर आजच आणा. आणि सासूबाईंसाठी विजेचे हीटर लावणार असाल तर ते थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शनवर नको. स्वयंपाकघरातला ओव्हन उघडा ठेवून घर तापवायचं तर अजिबात नाही.

आता सोप्या गोष्टी पटकन बघून घ्या. थर्मोस्टॅटचे सेल बदला. बेसमेंटच्या जिन्यावर, बहुतेक वरच्या टोकाला, लाल पट्टीचा एक स्विच असतो, तो बॉयलरचा असतो आणि दिव्याचा समजून कुणीही बंद करतं, घरात नवीन पाहुणे असले की हमखास. ब्रेकर बघा. गॅसच्या पाइपवरचा दांडा पाइपला समांतर असेल तर गॅस चालू, आडवा असेल तर बंद.

हे सगळं ठीक असेल तर मग पाणी, आणि तुमच्या पत्रावरून मला सगळ्यात जास्त संशय इथेच येतोय. बॉयलर थंड असताना काचेच्या नळीत अर्ध्याच्या आसपास किंवा थोडं वर पाणी दिसायला हवं. पाणी त्याच्याखाली फार उतरलं की लो वॉटर कटऑफ नावाचं साधन बर्नरचा करंट तोडतं, कारण बिनपाण्याचा बॉयलर पेटला तर काय होतं ते कुकर कोरडा जळलेल्या कुणालाही सांगायला नको. या कटऑफमध्ये दोन जाती, एकात आत तरंगणारा गोळा असतो आणि दुसऱ्यात पाण्यात बुडालेली सळई. गोळ्याची जात असेल तर खाली एक झडप असते, ती दर आठवड्याला उघडून बादलीत गढूळ पाणी काढायचं असतं, स्वच्छ येईपर्यंत. घर घेताना हे कुणी तुम्हाला सांगितलं नसणार, आणि काच इतकी तांबूस आहे म्हणजे आत गंजाचा गाळ भरपूर साचलाय. गाळात गोळा अडकला की पाणी पुरेसं असूनसुद्धा बर्नर बंद राहतो. उलटंही होतं, पाणी संपलं तरी गोळा वरच अडकून राहतो, आणि ते जास्त भयंकर, म्हणून ही साफसफाई टाळू नका.

काचेवर तरी विश्वास ठेवायचा का, हे तपासायची एक साधी पद्धत आहे. लाल स्विच बंद करा, बॉयलर पूर्ण थंड आहे ना बघा, नळीच्या खालच्या टोकाला छोटा कॉक असतो त्याखाली डबा धरून तो थोडा उघडा आणि बंद करा. नळीतलं पाणी झटकन खाली जाऊन लगेच परत वर यायला हवं. हळूहळू येत असेल किंवा येतच नसेल तर नळीची तोंडं गाळाने बुजलीत, तुम्हाला जे दिसत होतं ते नुसतं अडकून राहिलेलं पाणी.

नळी रिकामी निघाली तर पाणी भरायचं, पण बॉयलर गार झाल्यावरच, हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो. यातले बहुतेक बॉयलर बिडाचे असतात. भाकरीचा बिडाचा तवा लालबुंद तापवून त्यावर गार पाणी ओतलं की तो तडकतो, तसंच हे, वर त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा मागते. म्हणून गरम आणि रिकामा सापडला तर स्विच बंद करायचा, काही तास थांबायचं, मग पाण्याची झडप थोडी थोडी उघडून अर्ध्यापर्यंत भरायचं. नंतर काही दिवस पाण्याची पातळी लिहून ठेवा. वाफ थंड होऊन पाणी परत बॉयलरमध्येच येतं, त्यामुळे फार कमी पाणी घालावं लागायला हवं. दर दोन-तीन दिवसांनी लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, रेडिएटरच्या व्हॉल्व्हला किंवा जमिनीखालच्या परतीच्या पाइपला, आणि चिमणीतून पांढरी दाट वाफ सतत येत असेल तर बॉयलरलाच तडा असू शकतो. बदलायची गोष्ट खरी ठरू शकते ती तिथे. ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन येतो आणि लोखंड आतून खातो, म्हणून सारखं भरत राहणं हा इलाज नाही.

पाणी बरोबर असूनही गप्प असेल तर पुढची दोन-तीन नावं फक्त लक्षात ठेवा, हात लावू नका. वेलांटीसारख्या वळलेल्या नळीवर बसलेला करडा डबा म्हणजे प्रेशरट्रोल, वाफेचं प्रेशर वाढलं की तो बर्नर बंद करतो. घरचा स्टीम बॉयलर साधारण अर्धा ते दीड पौंडावर चालतो, कुकरच्या दहाव्या भागाएवढं प्रेशर, पण ती नळी गाळाने बुजली तर डब्याला खरं प्रेशर कळत नाही. धुराच्या पाइपमध्ये फिरणारी झडप असेल तर ती पूर्ण उघडल्याशिवाय बर्नर पेटत नाही, तिची मोटर अडकते. आणि धूर किंवा ज्वाळा उलट्या आल्या की उडणारे छोटे सेफ्टी स्विच असतात, त्यांचं बटण नुसतं दाबून परत चालू करू नका, ते का उडालं ते आधी कळायला हवं.

दुसरा मेकॅनिक बोलवाल तेव्हा त्याचे हात बघा. चांगला माणूस मीटर काढतो आणि ट्रान्सफॉर्मरपासून एकेका साधनावर तारा टेकवत २४ व्होल्ट कुठपर्यंत पोचतात ते बघत जातो, जिथे ते गायब होतात तिथेच बिघाड. तारेचा तुकडा लावून एखादं साधन कायमचं बायपास करतो म्हणाला तर त्याला दारापर्यंत पोचवून या.

प्रश्न : आमचा बॉस्टनजवळचा बॉयलर तेलावर चालतो. लाल रीसेट बटण दाबलं की पेटतो आणि थोड्या वेळात परत बंद. दिवसातून चार वेळा दाबतोय, चालेल का?
— एक वाचक, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : नाही दादा, आजच थांबा. ते बटण एकदाच दाबायचं असतं. प्रत्येक न पेटलेल्या प्रयत्नात बर्नर आत तेल फवारतो, ते चेंबरमध्ये साचतं आणि नंतर पेटलं की सगळं एकदम, घरभर काजळी होते आणि त्याहून वाईटही होऊ शकतं. आधी टाकीच्या काट्यावर तेल आहे का बघा, मग फिल्टर, नोझल आणि ज्वाळा बघणारा छोटा डोळा मेकॅनिककडून साफ करून किंवा बदलून घ्या, तो काजळीने झाकला की ज्वाळा असूनही त्याला दिसत नाही. आणि बटण एकूण किती वेळा दाबलंत तो आकडा त्याला खरा सांगा, म्हणजे पेटवायच्या आधी तो आतलं तेल काढून घेईल.