हात धुवा सांगून झालं, चार्ट लावून झाले, आता काय?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझी पहिली दोन-तीन वर्षं आठवली. दुसरी-तिसरीची मुलं, हात धुण्याचा चार्ट लावला, गाणं शिकवलं, रोज स्टार द्यायला लागलात, आठ-दहा दिवस सगळं मस्त चाललं आणि मग परत ये रे माझ्या मागल्या, नळाखाली बोटांची टोकं ओली करायची आणि पळायचं. शिवाय एका मुलाच्या अंगाला वास येतो म्हणून बाकीची त्याच्या शेजारी बसत नाहीत, त्याच्याशी कसं बोलू, हेही तुम्ही विचारलंय. मी वीसेक वर्षं प्राथमिकला शिकवतेय, त्यामुळे जरा लांबण लागेल, सवडीने वाचा.

आधी एक सांगते, मुलांना माहिती कमी पडत नाहीये. वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा हात का धुवायचे, तो घडाघडा सांगेल, जंतू मरतात, आजारी पडत नाही, वगैरे वगैरे, आणि सांगता सांगता त्याचं बोट नाकात असेल. आपण मोठे तरी काय वेगळे आहोत? मी सुद्धा बरीच वर्षं सांगत, समजावत, ओरडत राहिले. मग एकदा वैतागून पूर्ण मधली सुट्टी नळापाशी उभी राहिले, कुणाला एक शब्द बोलले नाही, नुसती बघत होते.

काय दिसलं सांगू? साबणाची एक वडी, ती पण खिडकीच्या कठड्यावर, जिथे बुटक्या मुलांचा हातच पोचत नाही. नळ इतका घट्ट की सोडायला दोन्ही हात लागतात आणि सुटला की पाणी थेट बाह्यांवर. नळ दोन, मुलं तीस-पस्तीस, आणि घंटा व्हायला पाच मिनिटं. त्या गर्दीत एकच मुलगी होती जी टाचा उंच करून साबण काढत होती, दोन्ही अंगठे सुद्धा नीट चोळत होती, आणि ती ओल्या बाह्यांनी वर्गात उशिरा आली म्हणून तिला ओरडलं कोण होतं? मीच, आदल्याच आठवड्यात. म्हणजे बरोबर करणाऱ्याला शिक्षा आणि पळणाऱ्याला वेळेवर आल्याची शाबासकी. मुलं काय मूर्ख आहेत का, त्यांना जे परवडतं ते ती करतात.

त्यानंतर मी सांगणं कमी केलं आणि मांडामांड बदलायला लागले. पायाखाली एक ठोकळा. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळालाच बांधला (जुना मोजाही चालतो), म्हणजे तो खाली पडत नाही, हरवत नाही आणि पिशवीवरच हात चोळले की फेस येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात धुवायला वेगळा वेळ. डबा खायच्या वेळेतली पाच मिनिटं कापून नाही, त्याच्या आधीची पाच मिनिटं माझ्या तासातली. सहकारी म्हणाले पोर्शन कसा पूर्ण होणार, तर झाला, दरवर्षी होतो.

हे फक्त माझं खूळ नाहीये बरं का. बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला होता, त्यावरचा शोधनिबंध २०१६ मध्ये आला. त्यांनी हात धुवायची जागा करून दिली आणि संडासापासून तिथपर्यंत रंगीत वाट आखून त्यावर पावलांचे ठसे काढले, पोचल्यावर हातांचे ठसे. त्यासोबत स्वच्छतेचं भाषण वगैरे काही नव्हतं. आधी संडासानंतर साबणाने हात धुण्याचं प्रमाण होतं ४ टक्के, ठसे काढून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ६८ आणि सहा आठवड्यांनी ७४. वाढलं पुढे, कमी नाही झालं! दुसरा प्रयोग इराकमधल्या विस्थापितांच्या छावणीतला, तिथे पारदर्शक साबणाच्या आत छोटं खेळणं घालून दिलं, साबण झिजवला की खेळणं हातात येणार, त्या घरांतल्या मुलांचं हात धुणं साधा साबण मिळालेल्या मुलांच्या चौपट निघालं. तेव्हा चार्ट राहू दे भिंतीवर, पण उद्या रंगाचा डबा आणा आणि मुलांचीच पावलं उमटवून घ्या, माझ्याकडे तर आपलं पाऊल कुठलं यावरून भांडणं व्हायची आणि ते शोधायच्या नादात नळापर्यंत जायचीच.

आता स्टार. स्टार वाईट नाहीत, पण फार लवकर शिळे होतात, आणि स्टार बंद झाला की सवयही बंद. २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे फिरतं ना, ते सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये यावर अभ्यास झालाय, मोठ्या माणसांवर, तिथे सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला तर २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. मग आठ वर्षांच्या पोराने दहा दिवसांत सोडलं तर त्यात नवल काय? आणखी एक गोष्ट त्यातली कामाची, मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, त्यामुळे "सलग इतके दिवस" वाली बक्षिसं नकोच, एक दिवस हुकला की पोरगं म्हणतं गेलं सगळं, आता कशाला. सवय घड्याळाला न बांधता एखाद्या कृतीला बांधा. "अकरा वाजता हात धुवायचे" हे लक्षात राहत नाही, "डब्याचं झाकण उघडायच्या आधी" हे राहतं, कारण डबा कुणी विसरत नाही.

धुवायचं कसं ते एकदाच पण नीट दाखवा. साबण लावून निदान २० सेकंद चोळायचं, आणि मुलं ठरलेल्याच जागा विसरतात, अंगठे, बोटांची टोकं, बोटांच्या मधे आणि हाताची मागची बाजू. पाणी गार की गरम याने फरक पडत नाही, चोळण्याने पडतो. मग कोरडे करायचे, ओल्या हातांना जंतू जास्त चिकटतात आणि पसरतात. सॅनिटायझर प्रवासात ठीक, त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के हवं, पण मातीने भरलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही आणि उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर तर फारसा चालतच नाही, तिथे साबण-पाणीच.

ते मिरपूड आणि साबणाचं प्रात्यक्षिक तुम्ही केलं असेलच, बशीत पाणी, वर मिरपूड, साबणाचं बोट लावलं की मिरपूड पळते. दिसतं भारी, पण माझं मत विचाराल तर करू नका. ती मिरपूड पृष्ठताणामुळे (पाण्याच्या वरच्या थरातला ताण, जो साबणाने कमी होतो) पळते, जंतू काही साबण बघून पळत नाहीत, आणि मुलं त्यातून नेमकं उलटं शिकतात की बोट लावलं की झालं काम. त्यापेक्षा चमकी घ्या. एका मुलाच्या तळहाताला थोडंसं तेल लावून त्यावर चमकी चोळायची आणि मग दहा मिनिटं नेहमीसारखा वर्ग चालू द्यायचा, हात मिळवा, वह्या वाटा, दार उघडा. माझ्या वर्गात दहा मिनिटांनी एक पोरगी एकदम ओरडली, "बाई, तुमच्या गालावर पण!" मी त्या मुलाच्या हातून फक्त खडू घेतला होता. मग नुसत्या पाण्याने धुवायला सांगा, चमकी हलत नाही. मग साबणाने, अंगठ्याच्या घडीत आणि नखांत तेवढी उरते, आणि नेमक्या त्याच जागा चार्टवर लाल केलेल्या असतात, तेव्हा कुठे त्यांना तो चार्ट कळतो.

नखं. रांगेत उभं करून नखं तपासायची पद्धत मी बंद केली त्याला बरीच वर्षं झाली. एक मुलगा होता, तपासणीच्या दिवशी हमखास पोट दुखायचं त्याचं. नंतर कळलं, घरी नेलकटरच नव्हता, तो नखं दातांनी कुरतडून यायचा आणि ती वेडीवाकडी दिसायची म्हणून हात मागे लपवायचा. म्हणजे नखांतली घाण तोंडात जाऊ नये म्हणून केलेली तपासणी आणि तिच्या भीतीने नखं थेट तोंडात! आता माझ्या टेबलाच्या खणात नेलकटर असतो, वापरला की स्पिरिटने पुसायचा, ज्याला हवा तो मागून घेतो, कोण घेतंय ते मी बघत नाही.

उवांचंही तसंच. केस घाण म्हणून उवा होतात हा समज पहिला काढून टाका, त्या स्वच्छ केसांतही तितक्याच आनंदात राहतात. त्या उडी मारत नाहीत, उडत नाहीत, डोक्याला डोकं लागून पसरतात, म्हणून मैत्रिणी-मैत्रिणींत जास्त. औषध एकदा लावून थांबलं तर लिखांतून पुन्हा निघतात, बहुतेक औषधं म्हणून आठ-दहा दिवसांनी परत लावायची असतात. चिठ्ठी पाठवायची तर सगळ्या वर्गाच्या पालकांना सारखीच पाठवा. आणि रात्री गुदद्वाराला खाज येते, झोप नीट होत नाही असं पालक म्हणाले तर जंत असू शकतात, डॉक्टरांना दाखवायला सांगा. औषध सहसा घरातल्या सगळ्यांना एकदम देतात, कारण अंडी नखांतून, चादरींतून सगळ्यांपर्यंत जातात.

संडासबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. बरीच मुलं, विशेषतः मुली, शाळेतला संडास नको म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत किंवा धरून ठेवतात. त्यातून बद्धकोष्ठता, लघवीचं इन्फेक्शन. एकदा स्वतः आत जाऊन बघा, कडी लागते का, पाणी आहे का, उजेड आहे का. मुलींना पुसायचं-धुवायचं ते पुढून मागे, हे आईने सांगितलंच असेल असं धरू नका, मी तर पाचवीतल्या मुलींनाही सांगितलंय आणि त्यांना ते नवीन होतं.

आता तुमचा तो मुलगा. त्याच्याशी बोलायच्या आधी वास कसला आहे ते बघा. लघवीचा असेल तर रात्री अंथरूण ओलं होत असेल आणि सकाळी घाईत नुसते कपडे बदलत असतील. शी सारखा असेल तर जुनी बद्धकोष्ठता असू शकते, त्यात थोडं थोडं नकळत कपड्यांना लागतं, मुलाला स्वतःला कळतही नाही आणि वासही येत नाही, ते डॉक्टरांचं काम, रागवायचं नाही. कपड्यांचा कुबट वास असेल तर युनिफॉर्म एकच असेल, तो वाळत नसेल. तोंडाला असेल तर किडका दात बघा, सहाव्या वर्षाच्या आसपास मागे कायमची दाढ येते, कुठलाही दात न पडता, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि दुर्लक्ष होतं. घामाचा असेल तर मोठ्या वर्गात वयात यायची सुरुवात असते, काहींची लवकर होते. तुम्ही म्हणता अंगाला वास येतो आणि नेमका कसला ते लिहिलं नाहीत, सगळा फरक तिथेच आहे.

बोलायचं एकटं गाठून, दिवस संपताना, म्हणजे त्यानंतर त्याला वर्गात सगळ्यांसमोर बसायला लागत नाही. "तुला वास येतो" असं नको. मी साधारण असं विचारते, "सकाळी घरी किती घाई असते रे? आंघोळीला पाणी मिळतं का? कपडे कोण धुतं?" माझ्याकडे एका मुलाने सांगितलं, "मीच धुतो", वय वर्षं नऊ, आई रात्रपाळीला, आणि साबण शर्टातून नीट निघायचाच नाही, तोच कुबटायचा. त्याला मी खंगाळायला शिकवलं, पिळून उलटा करून वाळत घालायला शिकवलं, अर्ध्या तासाचं काम होतं. कपाटात दोन-तीन मापांचे जास्तीचे शर्ट ठेवा, कुणाचंही काही सांडलं तर वापरायला, म्हणजे ते "त्याचे" होत नाहीत. बाकीच्या वर्गासाठी बसायच्या जागा दर सोमवारी फिरवा, सगळ्यांच्या, कारण न सांगता. नावं ठेवणाऱ्याला मात्र लगेच आणि स्पष्ट थांबवा, तिथे मी गोड बोलत नाही. घरी कुणी बघणारंच नाही, अंगावर जखमा आहेत, मूल उपाशी असतं असं काही दिसलं तर हा स्वच्छतेचा विषय राहत नाही, मुख्याध्यापकांना आणि शाळेच्या समुपदेशकांना लगेच सांगा.

अरे हो, पाण्याच्या बाटल्या राहिल्याच. वरचं नळीचं तोंड उघडून आत बघा एकदा, काळपट बुळबुळीत थर असतो. मी महिन्यातून एकदा सगळ्यांना झाकणं सुटी करायला लावते आणि जुन्या टूथब्रशने घासायला देते. सगळा तास ओला होतो, पण इतका शांत वर्ग मला दुसऱ्या कुठल्याच तासाला मिळत नाही.