अंगठा गेला आणि कंपनी ८०,००० देते म्हणते. हिशेब नेमका कसा करतात?

तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं: भाऊ ३० वर्षांचा, ठेकेदारामार्फत प्रेस मशीनवर कामाला, पगार १८,०००. उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. दवाखान्याचं बिल कंपनीने भरलं, आता ‘माणुसकी म्हणून’ ८०,००० घ्या आणि या कागदावर सही करा, असं चाललंय.

आधी सही थांबवा. मी कामगार भरपाईचे दावे चालवतो, आणि निम्मी भांडणं अशा सहीनंतरच माझ्याकडे येतात. भरपाईचा हक्क सोडल्याचं लिहून घेतलं तरी कायद्यात तो करार चालत नाही. पण तो कागद मध्ये आला की वर्ष-दोन वर्षं त्याच्यावरच वाद होत राहतो.

दुसरं, पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता का ते बघा. कापला जात असेल तर मालकाकडे भरपाई मागता येत नाही, सगळं ईएसआयकडून मिळतं. तिथे एकरकमी रक्कम नसते. काम बंद असेपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड जेवढे टक्के ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम. तरुण माणसाला पुष्कळदा हेच जास्त फायद्याचं पडतं, हे माझं मत.

ईएसआय नसेल तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं सूत्र लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण सूत्राचा सांगाडा तोच आहे. पूर्ण आणि कायमचं अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. मृत्यू झाला तर ६० ऐवजी ५० टक्के. (मेलेल्यापेक्षा जगलेल्याला जास्त हे वाचून लोक चमकतात. पण जगलेल्याला स्वतःचंही पोट असतं.) गुणांक कायद्यातल्या तक्त्यात छापलेला आहे: २० वर्षांना २२४, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. वय जितकं कमी तितकी बुडालेली कमाईची वर्षं जास्त, म्हणून गुणांक मोठा. वय धरायचं ते शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं.

आता पगार. भावाचा १८,००० असला तरी हिशेबात तो सगळा येत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये यासाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० केली, त्याआधी ती ८,००० होती. अपघाताच्या दिवशी जी मर्यादा लागू असेल ती धरायची. १५,००० धरले तर ६० टक्के म्हणजे ९,०००, त्याला २०७.९८ ने गुणलं की १८,७१,८२०. ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. भावाचा एक अवयव गेला, म्हणून यातले काही टक्के. कोणत्या अवयवाला किती टक्के तेही परिशिष्टात लिहिलेलं असतं: पूर्ण अंगठ्याला ३०, अंगठ्याचं फक्त वरचं पेर गेलं तर २०, पूर्ण तर्जनीला १४, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. १८,७१,८२० चे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६. तुमच्या हातावर टेकवले जात आहेत ८०,०००.

गुणाकार कोणीही करेल. खरी झटापट होते ती टक्क्यांवर, कारण कायद्याला मोजायचं असतं ते कमाईचं नुकसान. शरीराचं किती गेलं एवढ्यावर ते ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर सत्तरच्या दशकात एका सुताराचं प्रकरण आलं होतं. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, एक हात शाबूत आहे, मग अपंगत्व अर्धवटच. न्यायालयाने विचारात घेतलं ते एवढंच, की एका हाताने सुतारकाम होतं का? होत नाही, म्हणून पूर्ण अपंगत्व. तुमचा भाऊ उजव्या हाताने काम करत असेल आणि आता त्याला प्रेसवर उभं राहताच येत नसेल, तर ३० टक्क्यांवर गप्प बसू नका. डॉक्टरांच्या दाखल्यात ‘अंगठा नाही’ एवढंच नको. पकड किती उरली, पूर्वीचं काम जमेल का, हे स्पष्ट लिहून घ्या.

‘दवाखान्याचं बिल आम्ही भरलं, ते वजा करू’ असं म्हणतील. करता येत नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा असतो आणि तो भरपाईत धरला जात नाही. जखम भरेपर्यंत घरी बसावं लागलं त्या काळाचे दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के मागता येतात, तिथेही पगाराची मर्यादा तीच. ‘तो ठेकेदाराचा माणूस’ हेही ऐकवतील. काम कंपनीच्याच धंद्याचं होतं, तर भरपाई कंपनीकडे मागता येते, तिने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

पैसे अपघातापासूनच देणं लागतात. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज चढतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे आज कंपनीला एक पत्र द्या आणि ८०,००० हा आकडा कोणता पगार, कोणतं वय आणि किती टक्के धरून काढला ते लेखी मागा. पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक आणि हजेरीचे फोटो तोपर्यंत गोळा करून ठेवा, कारण पुढे ठेकेदार पगार ९,००० होता असं सांगायला कमी करणार नाही.