आधी एक मणी

प्रिय पोरी,

तुझी मेल काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. व्हिडिओही पाहिला. लेझरच्या झोताने सूक्ष्म मणी धरून ठेवणाऱ्या सात बाय सात ट्रॅपची जाळी, मधले मणी रांगेत, कोपऱ्यातले निसटून जातात. एका झोताचे इतके ट्रॅप पाडणारा होलोग्राम न्यूरल नेटवर्ककडून काढून घ्यावा का, की प्रयोग सोडून सिम्युलेशनकडे वळावं, असं विचारतेस. आणि अगदी शेवटी, ‘सर, मी या कामाची आहे का?’ त्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो, पण त्याचं उत्तर देणार नाही. तुला माझं मत ठाऊक आहे. मला एवढंच सांग : त्या ४९ ट्रॅपपैकी एकाचा तरी कडकपणा, म्हणजे ढळलेल्या मण्याला तो किती जोराने मागे ओढतो ते, तू मोजलास का?

मेलभर कुठे तो आकडा नाही. म्हणून म्हणतो, आधी एक मणी.

जाळी बाजूला ठेव. एसएलएमवर, म्हणजे झोताला हवा तसा आकार देणाऱ्या त्या पिक्सेलच्या पडद्यावर, एकाच ट्रॅपचा साधा पॅटर्न चढव. एक मायक्रॉन व्यासाचा पॉलिस्टायरीनचा एकच मणी धर आणि तो कव्हरस्लिपपासून जरा दूर घे, कारण काचेजवळ पाण्याचा रोध वाढतो आणि हिशोब फसतो. मग त्याला हलवू नकोस. तो थरथरतो, ती थरथर नोंदव. भाट्याच्या खाडीत खुंट्याला बांधलेली होडी किती डोलते यावरून दोर किती सैल सोडलाय ते तुझे बाबा किनाऱ्यावरून सांगतात. तेच इथे करायचं. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा सुमारे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर. तिला थरथरीच्या व्हेरियन्सने, म्हणजे मणी मध्यापासून जितका ढळतो त्याच्या वर्गाच्या सरासरीने, भागलं की कडकपणा हाती येतो. ट्रॅप ०.१ पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर असेल तर मणी साधारण साडेसहा नॅनोमीटर इकडेतिकडे होतो.

आणि हे कॅमेऱ्यावर मोजू नकोस! असा मणी ढळला तर जागेवर परतायला त्याला सेकंदाचा दहाहजारावा भागसुद्धा लागत नाही. तुझा कॅमेरा एका फ्रेमला दहा मिलिसेकंद उघडा राहतो. तेवढ्यात मणी कितीतरी वेळा जाऊन येतो आणि चित्रात शांत बसलेला दिसतो. थरथर कमी दिसली की कडकपणा कित्येक पट जास्त निघतो, आणि माणूस खूश होतो. क्वाड्रंट फोटोडायोड लाव, चार भागांचा तो प्रकाश-संवेदक कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी वेगवान असतो. पॉवर स्पेक्ट्रम काढ, म्हणजे कोणत्या वारंवारतेला थरथर किती ते कळेल. ती जिथून झपाट्याने उतरू लागते ती कॉर्नर फ्रिक्वेन्सी या ट्रॅपसाठी १९०० हर्ट्झच्या आसपास येते का बघ. व्हेरियन्सचा आणि स्पेक्ट्रमचा, दोन्ही पद्धतींचे आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नकोस.

कोपऱ्यातले मणी का सुटतात हे तुला मी सांगायला नको होतं. एसएलएमच्या पिक्सेलना स्वतःचा आकार आहे. झोत मध्यापासून जितका लांब वळवशील तितका प्रकाश कमी पोचतो. गणितात सगळे ट्रॅप सारखे करता येतात. गेर्शबर्ग आणि सॅक्स्टन यांची असा पॅटर्न काढायची पद्धत १९७२ची आहे, तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या ट्रॅपना वजनं देऊन तेच करतात, आणि तुझं नेटवर्कही फार तर तेच वेगाने करील. पण गणितातला सारखेपणा काचेतून, तेलातून, पाण्यातून खाली पोचेपर्यंत सारखा राहतो का, हे नेटवर्कला कुठून कळणार? ते मण्यालाच विचारावं लागतं.

एसएलएमचा पृष्ठभागही अगदी सपाट नसतो. त्यावर व्होर्टेक्सचा, म्हणजे झोताचं पोकळ कडं करणारा, पॅटर्न चढव आणि पडलेलं कडं नीट बघ. ते एका बाजूला फुगलं, कुठे तुटलं, तर प्रकाशाच्या वाटेत दोष आहे. तो दोष त्याच एसएलएमने उलटा फेज देऊन, म्हणजे लहरी तितक्याच उलट पुढेमागे सरकवून, काढता येतो. प्रकाशाला आकार द्यायचा पहिला उपयोग हाच. जाळ्या आणि नाचणारे मणी नंतर.

तू म्हणशील, सरांना घाई कधी नव्हतीच. माझ्या वेळी आमच्या गटालाही व्हिडिओ हवा होता. मी एका मण्यावर अडून बसलो, दुसऱ्या गटाचा पेपर आधी आला, फेलोशिप संपली आणि मी रत्नागिरीला येऊन शिकवायला लागलो. लोक याला हट्ट म्हणतात. मला खंत आहे ती वेगळी : ती मापं छापली गेली नाहीत, कुणाच्या उपयोगी पडली नाहीत. पण मापं बरोबर होती. आज परत त्या टेबलाशी बसवलं तरी मी तेच करीन. अ‍ॅश्किननी (लेझरचा हा चिमटा त्यांचाच) प्रकाशाने मणी ढकलले १९७० साली. एकाच झोताने नीट धरून ठेवला १९८६ साली. मधली सोळा वर्षं कुणी वाया गेली म्हणत नाही. नोबेल मिळालं तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.

डायॅटम, म्हणजे कवचातलं ते एकपेशी शैवाल, ट्रॅपमध्ये धरायचं लिहिलंस, ते वाचून मात्र मन भरून आलं. आपल्या खाडीतला जीव प्रकाशात धरायचा, हे कर, नक्की कर. हिरव्या लेझरऐवजी १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेडच घे. अ‍ॅश्किननी १९८७ साली इन्फ्रारेडमध्ये धरलेले जिवाणू ट्रॅपमध्येच वाढले होते. (गॉगल लावतेस ना? तो झोत दिसत नाही, डोळा मात्र जातो.) लांबट डायॅटम एका ट्रॅपमध्ये झोताच्या दिशेने उभा राहील. आडवा धरायचा तर दोन टोकांना दोन ट्रॅप हवेत, आणि तिथे तुझा एसएलएम खरा कामाला येईल. पण त्याचं कवच सिलिकाचं, त्याचा अपवर्तनांक पॉलिस्टायरीनपेक्षा पुष्कळ कमी. पकड ढिली असणार. दोन टोकांची ओढ सारखी आहे हे कशावरून सांगशील? पुन्हा तेच. आधी एक मणी, मग दुसऱ्या जागी तोच मणी, मग डायॅटम.

गाइडना सांग, व्हिडिओ पंधरा दिवस उशिरा मिळेल. रागावतील, रागावू देत. गणपतीला येशील तेव्हा खाडीचं पाणी आपण मिळून काढू. आत्ता पावसात नुसता गाळ आहे. तोवर रविवारी फोन कर, आणि पॉवर स्पेक्ट्रमचा आलेख समोर ठेवूनच कर.

तुझे,
सर