पसंतीक्रम भरतानाच कॉलेज ठरतं

नीटचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडची पत्रं सुरू होतात. प्रत्येकात मजकूर साधारण तोच : ‘दोन-तीन ठिकाणी नंबर लागतोय, घ्यावं कुठं?’ या वेळी चार पत्रं निवडली आहेत.

कोरेगावचे एक पालक : मुलाने राज्याच्या फेरीत पहिलं मिरज आणि दुसरं सातारा असं भरलं होतं. पहिल्या फेरीत साताऱ्याचं शासकीय मेडिकल मिळालं. पुढच्या फेरीत मिरज लागू शकतं, असं सगळे सांगतात. पण सातारा घरापासून अर्ध्या तासावर. ‘स्टेटस रिटेन्शन’ भरून मोकळं व्हावं का?

आधी त्या फॉर्मचा अर्थ लक्षात घ्या. स्टेटस रिटेन्शन भरला म्हणजे मिळालेली जागा कायम आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. नंतर मिरजेत जागा निघाली आणि तुमच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाला ती मिळाली, तरी तक्रार करता येणार नाही. म्हणून मनात थोडाही किंतु असेल, तर पहिल्या फेरीनंतर तो भरू नका. साताऱ्याला प्रवेश घ्या, फी भरा, कागद जमा करा आणि पुढच्या फेरीत उतरा.

मात्र पुढच्या फेरीला पसंतीक्रम नव्याने भरावा लागतो आणि नेमकी तिथेच गडबड होते. ‘जितकी नावं जास्त तितकं सुरक्षित’ म्हणून मुलं पुन्हा पंधरा-वीस कॉलेजं टाकतात. यादीतलं कुठलंही कॉलेज लागलं की हातातली जागा त्याच क्षणी रद्द होते आणि पुढच्याला जाते. ती परत मागता येत नाही. तुमच्या मुलाला साताऱ्याहून फक्त मिरजच बरं वाटत असेल, तर यादीत एकच नाव असू द्या. ज्या कॉलेजसाठी सातारा सोडायची तयारी नाही, ते नाव लिहूच नका. गेल्या वर्षीचा कटऑफ पाहून क्रम खालीवर करण्याचाही उपयोग नसतो. यंत्रणा गुणवत्तेप्रमाणे एकेकाला घेते आणि त्याच्या यादीत वरून पाहत पहिली रिकामी जागा देते. वर लिहिलेलं मिळालं नाही म्हणून खालचं हुकत नाही.

आता मिरज की सातारा. दोन्ही शासकीय, त्यामुळे शिक्षण शुल्काचा प्रश्न नाही. दोघांचीही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. मिरजेचं कॉलेज १९६२ चं, २०० जागांचं. साताऱ्याचं २०२१-२२ पासूनचं, १०० जागांचं. ‘मुलं कमी म्हणजे लक्ष जास्त’ हे नेहमी ऐकू येतं, पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांत १०० जागांना ४२० खाटा आणि २०० जागांना ८०० खाटा आहेत. विद्यार्थ्यामागे खाटा जवळपास सारख्याच पडतात. फरक पडतो तो त्या खाटांवर कोण येऊन पडतं आणि शिकवायला कोण उभं राहतं यात.

मिरजेच्या विद्यार्थ्यांना दोन रुग्णालयं मिळतात : मिरजेचं आणि सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. जत, कवठेमहांकाळपासून थेट सीमेपलीकडच्या अथणीपर्यंतचा रुग्ण तिथे येतो. साखर हंगामात ट्रॉलीखाली सापडलेले, शेतातून आलेले सर्पदंश, फवारणीच्या औषधाची विषबाधा हे सगळं पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी दिसतं. साताऱ्यालाही महामार्गावरचे अपघात आहेत, जावळी-पाटणच्या डोंगरातला रुग्ण आहे. पण विभाग बसायला, जुने नमुने जमायला, वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना सांभाळायला वर्षं जावी लागतात. आमचा कौल मिरजेला. घरी कुणी आजारी असेल, मुलगा जवळ राहणं भागच असेल, तर सातारा घेण्यात काही कमीपणा नाही. नव्या कॉलेजात पदव्युत्तर निवासी डॉक्टर कमी असले, तर टाके घालणं, कॅथेटर टाकणं, बाळंतपणात हात लावायला मिळणं ही कामं इंटर्नच्या वाट्याला जास्त येतात. उलट बाजू अशी की रात्री वॉर्डात उभं राहून शिकवतो तो बहुतेकदा हा निवासी डॉक्टरच. तो नसेल तर ते शिकणंही बुडतं.

ठरवण्याआधी दोन्हीकडे एकेक दिवस जाऊन या. इमारत पाहून परत येऊ नका. सोमवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीशी थांबा. बऱ्याच ठिकाणी केसपेपरवर वर्षाचा अनुक्रमांक छापलेला असतो. खिडकी उघडतानाचा आणि बंद होतानाचा आकडा वजा केला की त्या दिवशीची ओपीडी हातात येते, कुणाला विचारावं लागत नाही. दुपारी तीननंतर, भेटीच्या वेळेत, मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डातून एक फेरी मारा. निकष ८० टक्के खाटा भरलेल्या असाव्यात असा आहे. खाटेच्या पायथ्याला तापाचा तक्ता आहे का, त्यावर आजच्या नोंदी आहेत का, सलाईनच्या स्टँडला बाटली आहे का, उशाशी नातेवाइकांची पिशवी आणि डबा आहे का, एवढं पाहिलं तरी वॉर्ड चालता आहे की मांडलेला हे कळतं. मग तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकच विचारा : ‘गेल्या आठवड्यात क्लिनिकला किती दिवस कुणी शिकवलं?’ शासकीय कॉलेजांत बदल्या, प्रतिनियुक्त्या चालू असतात. यादीवर नाव असलेला प्राध्यापक रोज वॉर्डात असतोच असं नाही.

विट्याहून एक आई : मुलीला केंद्रीय फेरीत अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं कॉलेज मिळतंय आणि राज्याच्या फेरीत खासगी. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. अभिमतचं रुग्णालय मोठं आहे, घरापासून जवळही आहे. कर्ज काढायची तयारी आहे.

ताई, तुमच्या पत्रात निर्णय फिरवणारी गोष्ट रुग्णालयाची नाही, उत्पन्नाची आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. राज्याच्या प्रवेश फेरीतून खासगी विनाअनुदानित कॉलेजात गेलेल्या मुलीलाही ते मिळतं. अभिमत विद्यापीठाला मिळत नाही. खासगी कॉलेजातल्या संस्था (मॅनेजमेंट) कोट्यातून घेतलेल्या जागेलाही नाही. कऱ्हाडचं कृष्णा किंवा सांगलीचं भारती, दोन्ही अभिमत असल्याने या सवलतीच्या बाहेर आहेत. त्यांची शुल्कंही राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवत नाही.

कर्जाचा हिशेब कागदावर मांडा. समजा वर्षाला ४ लाख असं पाच हप्त्यांत २० लाख उचलले, व्याज १० टक्के. शिक्षण साडेपाच वर्षांचं, त्यापुढे एक वर्ष सवलतीचं. एवढ्या काळात सरळव्याजानेही ९ लाख चढतात. परतफेड सुरू होते तेव्हा डोक्यावर २९ लाख असतात आणि दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला सुमारे ३८ हजार. त्याच काळात मुलगी पीजीची तयारी करत असेल किंवा पीजी करत असेल. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणजे विट्याचं घर किंवा रान गहाण. हे सगळं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला शिक्षण शुल्क माफ. मोठ्या रुग्णालयाचा फायदा खरा आहे, पण इतक्या फरकाला तो पुरत नाही. खासगी घ्या.

त्या खासगी कॉलेजलाही वर सांगितल्याप्रमाणे चाचपून बघा. तिथे आणखी एक खूण आहे : दर्शनी भागात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं टेबल आणि तिथे बसलेला आरोग्यमित्र. योजना चालू असेल तर गरीब रुग्ण येतो, शस्त्रक्रिया होतात आणि विद्यार्थ्यांना शिकायला मिळतं. टेबल नुसतं मांडलेलं असेल आणि समोर रांग नसेल, तर तेही बोलकं असतं.

सवलतीत वसतिगृह, मेस, पुस्तकं, अनामत येत नाहीत. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने पूर्ण शुल्क मागितलं तर शासन निर्णयाची प्रत पुढे करा आणि जे काही भराल त्याची बाबनिहाय पावती घ्या. सवलतीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज दर वर्षी भरायचा असतो. पहिल्या वर्षी भरून दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरलेले पालक पुष्कळ. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आजच पाहा, पैसे अडकतात ते बहुधा तिथेच. शुल्क आकारणी साडेचार वर्षांची असते, इंटर्नशिपच्या वर्षाची नाही. इंटर्नला विद्यावेतन किती आणि ते वेळेवर मिळतं का, हे सध्याच्या इंटर्नला विचारा.

कागदांचं एक राहिलं. राज्याच्या फेरीला राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणी लागते. केंद्रीय फेरीला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. तहसीलमधून एकच काढून आणतात आणि दुसऱ्या ठिकाणी मूल थेट खुल्या गटात जातं. मराठा समाजाच्या वाचकांनी लक्षात ठेवावं : एसईबीसीचा दाखला राज्यातच चालतो, शासकीय कॉलेजांतल्या केंद्राच्या १५ टक्के जागांत, म्हणजे ऑल इंडिया कोट्यात, चालत नाही. पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच टाका.

जतचा एक विद्यार्थी : मला ऑल इंडिया कोट्यातून बेळगावचं शासकीय मेडिकल मिळेल असं दिसतंय. राज्यात खासगीच मिळेल. घरी आम्ही कन्नड बोलतो. पण राज्य सोडावं का? आणि दोन्हीकडच्या जागा धरून ठेवता येतील का?

बेळगाव घे. शासकीय आहे, रुग्ण भरपूर आहेत आणि रुग्णाशी बोलायची भाषा तुला घरातूनच मिळाली आहे. दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलांचं पहिलं दीड वर्ष ‘कुठे दुखतंय, कधीपासून’ एवढं विचारायला शिकण्यात जातं. तुझं ते वाचेल. फक्त तिथलं सेवेचं बंधपत्र किती वर्षांचं आणि मोडलं तर दंड किती, हे प्रवेशाआधी वाच. महाराष्ट्रातही शासकीय कॉलेजच्या एमबीबीएसला एक वर्षाची सेवा आहेच, त्यामुळे बंधपत्र या शब्दाला घाबरू नकोस, त्यातला आकडा बघ.

दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. केंद्रीय फेऱ्या घेणारी केंद्रीय समिती (एमसीसी) प्रवेश घेतलेल्यांची यादी राज्यांना देते, नाव दोन ठिकाणी दिसलं की अडचण उभी राहते. केंद्रीय पहिल्या फेरीतली जागा अनामत न गमावता सोडता येते. दुसऱ्या फेरीतली सोडली तर अनामत जाते : ऑल इंडिया कोट्याला खुल्या वर्गाचे १० हजार, राखीवचे ५ हजार, अभिमतला २ लाख. तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की राजीनामा नाही. शेवटच्या स्ट्रे फेरीत मिळालेली जागा घेतली नाही, तर पुढच्या वर्षी नीटला बसता येत नाही. तेव्हा त्या फेरीत, जिथे जायचंच नाही असं एकही नाव टाकू नकोस.

जागा सोडायची झाली तर कॉलेजला नुसतं तोंडी सांगून निघू नकोस. राजीनामा पोर्टलवर नोंदवला जायला हवा आणि त्याचं पत्र ऑनलाइन तयार होतं, ते हातात घेऊनच बाहेर पड. मूळ कागद परत मिळाल्याची यादी तपासून सही कर. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटचं प्रवेशपत्र, अधिवास, आधार यांचे प्रत्येकी पाच साक्षांकित संच आधीच करून ठेव, कारण मूळ कागद एका ठिकाणी अडकलेले असताना दुसरीकडे मुदत संपत असते.

कऱ्हाडचे एक पालक : पुण्याहून फोन येतो, ‘मॅनेजमेंट कोट्यातली जागा आहे, आज २ लाख टोकन पाठवा.’ खरं असतं का?

नाही. अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या एमबीबीएस जागा केंद्रीय समितीच्या फेरीतून जातात आणि खासगी कॉलेजांचा १५ टक्के संस्था कोटाही राज्याच्या फेऱ्या घेणाऱ्या सीईटी सेलच्या गुणवत्ता यादीतूनच. मधल्या माणसाच्या हातात जागा नसते. त्याची युक्ती साधी असते : वीस जणांकडून टोकन घ्यायचं, गुणांवर ज्या तिघांना तसंही मिळणार होतं त्यांना ‘मी करून दिलं’ म्हणायचं आणि उरलेल्यांना महिने-महिने फिरवायचं. पोर्टलचा पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी तर कुणालाच देऊ नका. तो हातात असला की पसंतीक्रम दुसराच कुणी बदलून लॉक करतो आणि तुम्हाला ते वाटपाच्या दिवशी कळतं. फॉर्म लॉक केल्यावर त्याची छापील प्रत काढा, मुलाला शेजारी बसवून पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत मोठ्याने वाचायला लावा. कॉलेजचा सांकेतिक क्रमांक एका आकड्याने चुकला तर सांगलीऐवजी भलतंच गाव येतं.