नागपूर: जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमधून सतत घूंऽऽ आवाज येतो, फिल्टर कॅपॅसिटर बदलू का?

बदला, पण आधी व्हॉल्यूम शून्यावर नेऊन ऐका. घूं तेवढीच राहिली तर दोष बहुधा सप्लायच्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये आहे. कमी झाली तर आधी इनपुटची वायर आणि अर्थिंग तपासा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेतून ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला चढउतार, उरतो. तो गाळणारा फिल्टर कॅपॅसिटर सुकला की तोच स्पीकरपर्यंत पोहोचतो.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) पार्ट घेताना व्होल्टेज मूळ इतकं किंवा जास्त घ्या, मायक्रोफॅरड (क्षमता) फार तर दीडपट. ४७०० च्या जागी थेट २२००० टाकलं तर चालू करताना डायोडवर मोठा झटका बसतो. ८५ नको, १०५ अंशवालाच मागा. मे महिन्यात खोलीच ४० च्या वर जाते, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त, आणि साधारण दर १० अंशांमागे कॅपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं.

प्लग काढा, १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर कॅपॅसिटरच्या टोकांना काही सेकंद धरा, मल्टिमीटरवर १ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात लावू नका. कॅपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा म्हणजे निगेटिव्ह बाजू. उलटा बसला तर फुटतो. बदलूनही घूं तशीच असेल तर ब्रिजचे डायोड मोजा.