ठाणे खाडीवर अभ्यास करताय? आधी भरती-ओहोटी बघा

प्रश्न एकच ठरवा. उदाहरणार्थ, ऐरोलीकडे मासळी घटतेय का? मग पाण्याच्या चाचण्या आणि कोळीवाड्यातल्या मुलाखती एकाच तक्त्यात तारीख, ठिकाण, भरतीची वेळ या रकान्यांनी जोडा. बहुतेकांचं फसतं ते इथेच: पाणी ओहोटीचं, मुलाखत पावसाळ्यातली, तुलना कशाची करणार? नमुने उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) घ्या, भांगालाही (अष्टमीच्या आसपासची छोटी भरती). भरतीची वेळ कोळी तिथीच्या पाऊणपटीने काढतात, म्हणजे चतुर्थीला साधारण 3 वाजता. खाडीत आत जरा उशिरा. (भरतीच्या अॅपशी ताडून पाहाच.) विरघळलेल्या प्राणवायूसाठी 300 मिलीची बाटली बुडबुडा न ठेवता भरा, प्राणवायू पक्का धरून ठेवणारी रसायनं काठावरच घाला, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा बदलतो. मुलाखतीत ‘उत्पन्न किती?’ नको, ‘एका खेपेला किती टोपल्या?’ विचारा. कांदळवनात शिरायचं तर वन विभागाची परवानगी आधी.