'वडिलोपार्जित' म्हणावं का?

विचारणा अशी: कोलंबियातले आफ्रिकी वंशाचे लोक आपल्या जमिनीसाठी लढताहेत, त्यावर मराठीत लिहायचंय. त्या जमिनीला 'वडिलोपार्जित' म्हटलं तर चालेल का? आणि तिथले लोक 'रेनासिएन्तेस' म्हणतात, त्याला 'भावी पिढ्या' बरोबर आहे का?

'वडिलोपार्जित' म्हणजे वडीलधाऱ्यांनी कमावलेलं. ('वडील'ची 'उपार्जित'शी लावलेली सोयरीक व्याकरणवाल्यांना खटकते, पण शब्द कधीचाच रुळलाय.) यातलं 'उपार्जित' तिथे चपखल बसतं. काउका प्रांतातल्या ला तोमा गावाचे पूर्वज गुलाम म्हणून सोन्याच्या खाणींत राबले. ती जमीन त्यांच्या घामाची. पण 'वडिलोपार्जित' वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो सातबारा, मग हिस्से, भाऊबंदकी आणि वाटणीचा दावा. तिथली कल्पना नेमकी उलटी आहे. १९९३ च्या कायदा क्रमांक ७० नुसार पॅसिफिक किनाऱ्याकडच्या वस्त्यांना जी मालकी मिळते ती अख्ख्या समाजाची असते. ती विकता येत नाही, तिच्यावर जप्ती येत नाही. आपल्याकडचा जवळचा शब्द गडचिरोलीत सापडतो, 'सामूहिक वनहक्क'. तोही वारशाने पुढे जातो, विकता मात्र येत नाही. म्हणून मी 'वाडवडिलांची सामूहिक जमीन' लिहीन.

जरा कोरडं वाटतंय, मान्य. मग 'नाळ' वापरा. त्या किनाऱ्यावरच्या गावांत बाळाची नाळ झाडाच्या मुळाशी पुरायची रीत आहे. २०१४ मध्ये ला तोमाच्या बायका बेकायदा खाणकामाविरुद्ध थेट राजधानी बोगोटापर्यंत चालत गेल्या. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रान्सिया मार्केझ त्यांच्या पुढारी होत्या. त्या का चालल्या, हे 'जिथे नाळ पुरलीय ती जमीन' एवढ्यात मराठी वाचकाला कळेल.

'भावी पिढ्या' मात्र नको. त्याला मंत्र्यांच्या भाषणाचा वास येतो. 'रेनासिएन्तेस'चा शब्दशः अर्थ 'पुन्हा जन्मणारे', आणि तो माणसांपुरताच नाही, झाडांना-माशांनाही लागतो. 'पुनर्जन्म' घेतलात तर वाचक कर्मफळाच्या चर्चेत शिरेल. 'वंशज' फक्त रक्ताचं नातं सांगतो. माझं मत 'धुमारे'ला. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून फुटतो तो धुमारा. खोड जुनंच, कोंब नवा. पहिल्यांदा 'धुमारे, म्हणजे मागून येणारी लेकरं-नातवंडं' असं लिहा. पुढे नुसतं 'धुमारे' पुरेल.